मोत्या आणि बाळंतिणीची खोली

वाशीत आमच्या घराचा पत्ता विचारला, तर लोक माझे नाव घेत नाहीत. 'मोत्या ज्या ओट्यावर बसतो ते घर,' असे सांगतात. वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवून मला जे साधले नाही, ते या गावठी कुत्र्याने पाच वर्षांत साधले!

गेल्या वर्षी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची ठरली. आईने त्याच दिवशी फर्मान काढले, "मोत्याला रानात धाडा. तान्ह्या लेकरापाशी कुत्रं नको."

आईची भीती खोटी नव्हती. पण मला वाघ्या आठवला. माझा मुलगा जन्मला तेव्हा वाघ्याला आम्ही असेच एका दिवसात शेतावर नेऊन बांधले होते. तिसऱ्या रात्री दावे तोडून तो घराकडे निघाला आणि हमरस्त्यावर ट्रकखाली सापडला. घरात बारशाची गडबड होती. त्याच्यासाठी कोणी रडले नाही. मीही नाही.

वाचकांना 'पंचतंत्रा'तली मुंगसाची गोष्ट ठाऊक असेलच. बाळाला सापापासून वाचवणाऱ्या मुंगसाचे रक्ताळलेले तोंड पाहून आईने त्याच्यावर पाण्याचा घडा टाकला. अशीच एका इमानी कुत्र्याची दंतकथा दूर वेल्समध्ये बेडगेलर्ट गावी सांगतात. 'अविचार करू नये' हे तात्पर्य मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. पण खरी चूक आधीच घडली होती, हे वाघ्याने मला शिकवले. बाळाला आणि मुक्या जिवाला एकटे सोडून मोठी माणसे निघून गेली, ती चूक!

मी आईकडून दोन महिन्यांची मुदत मागून घेतली आणि मोत्याला घेऊन जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पिसाळ रोगाची लस टोचली, जंतांचे औषध दिले आणि म्हणाले, "गुरुजी, कुत्र्याला बाळाचा राग येत नाही, अचानक बदलाचा येतो. जे बदलायचे ते आजपासूनच बदला."

मग आमची शाळा सुरू झाली. बाळंतिणीची खोली त्याला त्याच दिवसापासून बंद झाली. उंबऱ्याबाहेर गोणपाट अंथरले. त्यावर बसला की भाकरीचा तुकडा मिळे. अंगावर उड्या मारल्या की घरातले सगळे पाठ फिरवत. फेरफटक्याची वेळ बदलली. तान्ह्या मुलाचे रडणे मोबाइलवर आधी हळू, मग मोठ्याने ऐकवले. कुत्र्याचे जग नाकावर चालते. म्हणून ओवा आणि बाळंतशोपांची धुरी आईने महिनाभर आधीच धरली. पहिल्या दिवशी मोत्या शिंकत परसात पळाला. आठवड्याने त्याच धुरात घोरू लागला. आई प्रथमच हसली.

बाळ जन्मले त्या संध्याकाळी मी दवाखान्यातून एक वापरलेले दुपटे आणले. मोत्याने ते लांबून हुंगले, पुन्हा हुंगले, आणि शेपूट हलवली. घरी येताना बाळ आईच्या कडेवर होते. बहीण रिकाम्या हातांनी पुढे झाली आणि आधी मोत्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याचा जीव शांत झाल्यावरच बाळ आत आले.

नियम मात्र एकच, आणि त्याला अपवाद नाही: बाळ आणि मोत्या क्षणभरही एकटे नकोत. कुत्रा कितीही गरीब असो, कानाला अचानक चिमटा बसला तर तो दातांनीच बोलणार. तो गुरगुरला तर मारू नये; दूर न्यावे. ती त्याची सूचना असते. ओरखडा उठलाच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. पिसाळ रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ कोणी वाचत नाही.

बारशाला आईने घुगऱ्या वाटल्या. शेवटची मूठ घेऊन ती ओट्यावर गेली आणि मोत्यापुढे ठेवून म्हणाली, "खा रे बाबा, तूबी मामाच."

मी आत वळलो. त्या वेळी मला वाघ्यासाठी रडू आले.