डेब पॅकेजची रचना आणि परस्परावलंबन

सी-डॅकने विकसित केलेली व २००७ साली प्रथम प्रसृत झालेली ‘बॉस’ ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली डेबियनवर आधारलेली असल्याने तिच्यातील आज्ञावल्या ‘डेब’ स्वरूपात मिळतात. डेब ही वस्तुतः तीन घटकांची मोट होय: स्वरूपाची आवृत्ती सांगणारी चिमुकली संचिका, नियंत्रण-माहिती आणि प्रत्यक्ष सामग्री. यांपैकी नियंत्रण-माहिती सर्वांत मोलाची. त्या आज्ञावलीस अन्य कोणती पॅकेजेस लागतात, हे तीच सांगते. ‘डीपीकेजी’ ही उणीव केवळ दाखवून थांबते. ‘एपीटी’ ती भांडारातून भरून काढते. त्यामुळे सोलापूर जिल्ह्यातील ज्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत आंतरजाल नाही, तेथे पेनड्राइव्हवरून एकच डेब नेणे बहुधा व्यर्थ ठरते. आवश्यक पॅकेजांचे स्थानिक भांडारच सोबत न्यावे लागते. देवनागरीचा ‘लोहित’ टंक मात्र एकटाही सुखाने बसतो.