सातपुड्याच्या पायथ्याचे दगडी दप्तर

जळगाव जामोदहून उत्तरेकडे पाहिले की सातपुडा तटबंदीसारखा उभा दिसतो. दक्षिणेला पूर्णेच्या गाळाचे सपाट मैदान पसरलेले असते. डोंगर आणि मैदान यांची ही एकाएकी झालेली फारकत नदीने केलेली नाही. पायथ्यालगत भूकवचाला गेलेल्या, भूवैज्ञानिक ज्याला गाविलगड विभंग म्हणतात त्या प्रचंड तड्याचे ते काम होय. उत्तरेची बाजू उंच राहिली, दक्षिणेची खचली आणि त्या खळग्यात शेकडो फूट गाळ साचला. खारपाणपट्टा याच गाळाचा. त्यामुळे विहिरीला गोडे पाणी लागणार की खारे, या प्रश्नाचा धागाही या तड्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

विभंग म्हणजे केवळ नकाशावरील रेषा नव्हे. त्याच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात तेव्हा मधल्या खडकाचे रूप पालटते, आणि ते कसे पालटले यावरून तो त्या वेळी किती खोलीवर, किती उष्णतेत होता हे सांगता येते. सामान्यतः दर किलोमीटरला 25 ते 30 अंश सेल्सियसने उष्णता वाढते. वरच्या दहा-पंधरा किलोमीटरांत खडक ठिसूळपणे फुटतो. तेथे टोकदार तुकड्यांचा कोणाश्म किंवा मातीसारखा भुगा तयार होतो. त्याखाली, सुमारे 300 अंशांपुढे, क्वार्ट्झ न तुटता कणकेसारखा ताणला जातो. फेल्स्पार अधिक हट्टी. तो साधारणपणे 450 अंशांपर्यंत दाद देत नाही आणि ताणलेल्या पट्ट्यांत डोळ्यांसारख्या गाठी होऊन राहतो. अशा खडकाला मायलोनाइट हे नाव 1885 मध्ये चार्ल्स लॅपवर्थ यांनी स्कॉटलंडच्या उत्तर भागातील खडकांवरून दिले. लॅपवर्थ मूळचे शाळामास्तर, हे आमच्या शिक्षकवर्गाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ग्रीक भाषेतील गिरणीवाचक शब्दावरून त्यांनी हे नाव घेतले. पुढे असे दिसून आले की हा खडक दळला गेलेला नसून घन अवस्थेतच वाहिलेला व नव्याने स्फटिकलेला असतो. नाव मात्र गिरणीचेच राहिले.

याहून विलक्षण म्हणजे स्यूडोटॅकिलाइट. मोठ्या भूकंपात घर्षणाने काही क्षणांत खडक वितळतो, फटींत शिरतो आणि लगेच थिजून काळ्या शिरा बनतो. छिंदवाडा जिल्ह्यात कन्हान नदीच्या खोऱ्यात, गाविलगड-तान पट्ट्यातील ग्रॅनाइटमध्ये, मायलोनाइट आणि या काळ्या शिरा दोन्ही आढळल्या आहेत. मायलोनाइटला काळी शीर छेदून गेली असेल, तर खोलवर संथपणे ताणला गेलेला खडक पुढे भूकंपाच्या तडाख्यात सापडला, असा क्रम निघतो. तोच खडक पुन्हा भुग्याने कापला असेल तर तो आणखी वर आल्यावरही तडा थांबला नव्हता. हिमालयात मेन सेंट्रल थ्रस्टलगत अधिक तापलेले खडक कमी तापलेल्यांवर चढून बसले आहेत. पर्वत कसा रचला गेला याची साक्ष तेथेही विभंगाच्या खडकांतूनच काढावी लागते.

वऱ्हाडात ही साक्ष बहुतांशी ट्रॅपच्या आवरणाखाली दडलेली आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या सालबर्डीला ट्रॅपखालचे जुने खडक उघडे पडले आहेत, पण यात्रेकरूंना त्याची वार्ता नसते. ट्रॅप सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तोही या विभंगावर सरकलेला आहे, म्हणजे अतिप्राचीन तडा त्यानंतरही हलला. 14 मार्च 1938 रोजी सातपुड्यात आणि 22 मे 1997 रोजी जबलपूरला मोठे भूकंप झाले. ते याच विभंगाचे होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु पठार स्थिर आहे या समजुतीची किंमत महाराष्ट्राने 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीस मोजली आहे.

तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात मे 2025 मध्ये झाला. पायथ्याच्या गोटाळ पट्ट्यात पाणी मुरवावे, ही तिची कल्पना योग्यच आहे. तथापि तडा पाणी वाहून नेतो की अडवितो, हे त्यातील खडकावर अवलंबून असते: फुटलेला कोणाश्म वाट देतो, चिकट भुगा बांध घालतो. कालव्याची आखणी करताना खर्चाचे आकडे पैशापर्यंत मांडले जातील. त्याच दक्षतेने पायथ्याच्या गावोगावी विंधनछिद्रांतून निघालेला दगड जतन करून तपासला जावा, आणि रस्त्यांच्या खडीसाठी उघडे खडक फोडण्यापूर्वी त्यांची नोंद तरी व्हावी. या कामाला फार मोठा निधी लागत नाही. भूविज्ञान शिकलेली मुले लागतात, आणि तो विषय निवडणारे विद्यार्थी आमच्या महाविद्यालयांत आज मोजकेच आहेत.