पुस्तक बदलायला जाऊ द्या



वयस्कर रुग्णाला रक्तदाब, साखर, झोप यांविषयी विचारून झाले की मी आणखी एक प्रश्न करतो : "सध्या कोणते पुस्तक वाचता आहात?" पुस्तकाचे नाव आठवते का, कथानक सांगता येते का? वाचन सुटले असेल तर ते नजरेमुळे, की मनच लागत नाही म्हणून? मोतीबिंदू, उदासीनता आणि विस्मरण या तिन्हींचा पहिला सुगावा या प्रश्नातून पुष्कळदा लागतो.

महाराष्ट्राला सार्वजनिक वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमानंतर शासकीय अनुदानावरील वाचनालये लहान गावांतही पोहोचली. बहुतेक ठिकाणी वृत्तपत्रे वाचायला वर्गणीही लागत नाही. निवृत्त माणसाला एक पैसा न मोजता दोन तास सन्मानाने बसता येईल, अशा जागा आपल्या गावांत आता किती उरल्या आहेत?

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी पन्नाशीपुढील ३,६३५ व्यक्तींची बारा वर्षांची माहिती तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुस्तके वाचणारे लोक न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २३ महिने अधिक जगल्याचे त्यात आढळले. वाचनानेच आयुष्य वाढले, असे यावरून ठामपणे म्हणता येणार नाही. पण वाचनालयात पुस्तकाखेरीजही बरेच काही मिळते. जाण्यायेण्याचे चालणे होते. पुस्तक परत करण्याची तारीख असते, म्हणजे सोमवार आणि गुरुवार यांत फरक उरतो. आणि चार दिवस आपण दिसलो नाही, तर ते कुणाच्या तरी लक्षात येते.

हे शेवटचे मला फार मोलाचे वाटते. माझ्याकडे येणारे एक विधुर गृहस्थ एकच कादंबरी महिन्यात तीनदा, प्रत्येक वेळी नवी समजून, घरी घेऊन गेले. घरात कुणाला काही जाणवले नव्हते. जाणवले ते देवघेव खिडकीवरच्या ग्रंथपालबाईंना. त्यांनी हलक्या आवाजात सूनबाईंच्या कानावर घातले. तपासणीत ब १२ जीवनसत्त्व अतिशय कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाली आणि काही महिन्यांत स्मरणशक्ती बरीच सुधारली. प्रत्येक विस्मरण असे भरून येत नाही. परंतु भरून येण्याजोगे असेल तर ते वेळीच कळायला हवे. इतक्या तुटपुंज्या वेतनावर काम करणाऱ्या या मंडळींचे आपल्यावर केवढे उपकार आहेत!

एकदा तोल गेला, गुडघा दुखला, की घरचे म्हणतात, "बाबा, तुम्ही कशाला जाता? आम्ही आणून देतो." हेतू प्रेमाचाच असतो. परंतु पुस्तक घरी येऊ लागले की चालणे थांबते, ओळखीपाळखी तुटतात आणि काही आठवड्यांत पुस्तकही उशाशी तसेच पडून राहते. म्हणून जाणे बंद करण्यापूर्वी वाटेतल्या अडचणी दूर करता येतात का, ते पाहा.

दुभागी चष्म्यातून जिन्याची पायरी पुसट दिसते. उतरताना मान खाली घालून वरच्या काचेतून पाहावे आणि कठडा सोडू नये. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खालच्या फळीवरचे पुस्तक स्वतः वाकून काढू नये. एकदम उठताना भोवळ येते. सेवकाला सांगावे, तो आनंदाने काढून देतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत, म्हणजे पायांवर सूज येत नाही. छापील अक्षर हाताच्या अंतरावर धरावे लागत असेल, तर डोळे तपासून घ्यावेत.

ज्यांना खरोखरच घराबाहेर पडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी पुस्तके अवश्य आणावीत. मात्र निवड त्यांचीच असू द्या. त्यांच्याकडून चार-पाच नावांची चिठ्ठी लिहून घ्या. त्यांतले एकही मिळाले नाही, तर वाचनालयातूनच फोन लावा आणि ग्रंथपालांशी त्यांचे दोन शब्द बोलणे करून द्या.