वैशाखातली कुंडलिका

रोह्याला मुद्दाम असे कोणी जात नाही. मुंबईची मंडळी तेथून जातात, पण खिडकीतून. दिव्याहून निघालेली आगगाडी पनवेल, पेण, नागोठणे करीत रोह्यास येते. येथे मध्य रेल्वेची हद्द संपते, कोकण रेल्वेची सुरू होते, आणि पेंगुळलेला प्रवासी कूस बदलून एकदम चिपळुणास जागा होतो. आम्हीही इतकी वर्षे तेच केले. गेल्या मे महिन्यात मात्र सौ., चिरंजीव आणि सासूबाई अशा लवाजम्यानिशी दोन दिवसांसाठी रोह्यास उतरलो. वाटेत पेणला उतरून गणपतीचे कारखाने पाहावेत, जमल्यास विनोबांचे जन्मगाव गागोदेही करावे, असा सौ.चा आग्रह होता. 'परतताना पाहू' म्हणून मी तो टोलवला.

कुंडलिकेच्या एका काठाला रोहे, दुसऱ्या काठाला अष्टमी. नदी पुढे रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधून समुद्रास मिळते. आज मात्र गावाशेजारच्या धाटावला रसायनांचे कारखाने उभे आहेत, आणि नदी नासल्याची खालच्या कोळ्यांची तक्रार जुनीच आहे. नदीकाठी उभे राहिले की वाऱ्याची दिशा कोणती ते नाकाला कळते!

गाव लहान, पण माणसे मोठी. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे या गावचे. १९१२ साली मॅट्रिकला पहिले येऊन त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्राचे अर्थमंत्रिपद सोडले. या हिशेबी माणसाने 'मेघदूता'चे मराठी भाषांतर केले आहे, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले अविश्वासाने पाहतात. पांडुरंगशास्त्री आठवले यांचाही जन्म रोह्याचाच, १९२० सालचा. ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी दसऱ्यानंतर निघते, तेव्हा तिला पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते. देवालाही सलामी देणारी ही गावची रीत पाहण्यासाठी पुन्हा यायचे ठरले आहे.

पहिल्या दिवशी उन्हे चढण्याआधी चिरंजीव आणि मी अवचितगड केला. मेढे गावाकडून वाट आहे. चढ फार नाही, पण रान दाट. गडाच्या बुरुजावर शके १७१८, नळनाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा असा लेख आहे, म्हणजे १७९६ सालचा पाडवा. वर बारा कोनांचा एक तलाव आहे. तेथून खाली नदीचे वळण न्याहाळताना चिरंजीवांनी विचारले, "बाबा, वैशाखात हिला पाणी कसं?" मी विद्वत्तेने सांगितले, "भरतीचं." निम्मे उत्तर बरोबर होते.

उरलेले निम्मे दुसऱ्या दिवशी सकाळी कोलाडला कळले. तेथे रबरी तराफ्यातून नदीच्या खळाळातून जाण्याचा खेळ चालतो, सुमारे बारा किलोमीटरचा. आम्ही पोचलो तेव्हा पात्रात नुसते धोंडे. तराफेवाले निवांत बसले होते. "पाणी अजून आलं नाही," ते म्हणाले, जणू नळाचेच! तासाभराने खरोखरच धोंडे बुडू लागले, आणि पाहता पाहता नदी काठोकाठ वाहू लागली.

हे पाणी येते भिऱ्याहून, आणि भिऱ्याला ते येते सह्याद्रीच्या पलीकडून. मुळशीच्या धरणात अडवलेले पाणी बोगद्यातून कड्यापर्यंत आणले आहे. तेथून ते नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली पडते आणि भिऱ्याच्या वीजघरातली चक्रे फिरवते. १९२७ पासून हे चालू आहे. मुळात हे पाणी मुळेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जायचे. माणसाने ते पश्चिमेकडे वळवले. मुंबईला वीज हवी झाली की चक्रे फिरतात, आणि चक्रे फिरली की कुंडलिकेला पूर येतो. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावर तेच पाणी कालव्यांत जाते आणि उन्हाळ्यात इकडची शेते हिरवी ठेवते.

सासूबाई एवढा वेळ काठावर गप्प बसून होत्या. त्यांचे माहेर मूळचे मुळशी पेट्यातले. वडील लहान असताना घर आणि आंबेमोहोराची खाचरे धरणाखाली गेली. त्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. धरण तरीही झाले. आमच्या मुंबईच्या घरात तीन पिढ्या ज्या दिव्याखाली अभ्यास केला, त्यात ही खाचरे किती जळत होती, हा हिशेब मी तोवर कधी केला नव्हता.

"जावईबापू, म्हणजे हे आमच्याकडचंच पाणी की हो," त्या म्हणाल्या.

दुपारी भिऱ्याला गेलो. वीजघर आत जाऊन पाहता येत नाही, पण डोंगरावरून उतरणारे नळ रस्त्यावरूनही दिसतात. जवळच देवकुंडाचा धबधबा आहे. त्याची वाट पायी आहे आणि पावसाळ्यात तेथे जाण्यास बंदी असते. चिरंजीवांना तेथे जायचे होते. सासूबाईंसाठी आम्ही परत फिरलो. त्या नळांकडे मान वर करून बराच वेळ पाहत राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत.

संध्याकाळी कोलाडजवळ बायका धुणे धूत होत्या, तेथे त्यांनी गाडी थांबवायला लावली. पदर खोचून एका सपाट धोंड्यावर बसल्या आणि पाय पाण्यात सोडले. सौ. म्हणाली, "आई, उशीर होतोय." त्या म्हणाल्या, "गार आहे गं." मी दोनदा घड्याळ पाहिले आणि मग पाहणे सोडून दिले. परतीची गाडी चुकली. पेणचे गणपती राहिले ते राहिलेच.