महाविद्यालयीन संगणकप्रणालीचे अद्ययावतीकरण : प्रणाली प्रशासकाचे कार्य आणि व्यावसायिक समुदायाची गरज
(वर्धा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाविद्यालयात नवी संगणकप्रणाली आली की तिचे रीतसर उद्घाटन होते. तीच प्रणाली जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत नेण्याचे काम मात्र बहुधा सुटीच्या दिवशी पार पडते, आणि ते जितके निर्दोष होईल तितके ते कोणाच्या लक्षातही येत नाही. वर्धा जिल्ह्यातील आर्वी, हिंगणघाट, देवळी यांसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांचा विचार करता हे काम करणाऱ्याला 'प्रणाली प्रशासक' असे पद क्वचितच लाभते. ग्रंथपाल, कार्यालयीन लिपिक किंवा संगणकशास्त्राचे प्राध्यापक आपला नेमून दिलेला कार्यभार सांभाळून ते पार पाडतात. या कामाचे स्वरूप, त्यातील जोखीम आणि ते करणाऱ्यास लागणारा व्यावसायिक आधार यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अद्ययावतीकरणाचे दोन प्रकार

'अपडेट' या एकाच शब्दात दोन भिन्न क्रिया मिसळल्या जातात. पहिली म्हणजे डागडुजी : सॉफ्टवेअरमधील दोष दूर करणारा छोटा 'पॅच' बसविणे. दुसरी म्हणजे आवृत्तिबदल. यात माहितीची मांडणी, पडद्यावरील रचना आणि कधीकधी यंत्रसामग्रीही बदलते. पहिली क्रिया टाळता येते असे वाटते, आणि टाळत गेल्यास दुसरी एक दिवस अटळ होते. विंडोज एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 रोजी, विंडोज 7 चा 14 जानेवारी 2020 रोजी आणि विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. अशा तारखेनंतर संगणक पूर्वीसारखाच चालतो. परंतु त्यात नव्याने सापडणारे दोष दुरुस्त करण्याची नियमित व्यवस्था उरत नाही.

दोन्ही बाजूंची जोखीम

बदल न करण्याची किंमत मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगाला दाखविली. ज्या दोषातून तो शिरला त्यावरील पॅच मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, 14 मार्च रोजीच उपलब्ध करून दिला होता. तो न बसविलेले संगणक बळी पडले. ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

तथापि अवघ्या सहा आठवड्यांनी, 27 जून 2017 रोजी, 'नॉटपेट्या'ने नेमका उलटा धडा दिला. युक्रेनमधील एका लेखा-सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच तो दडविलेला होता. त्याची झळ रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोहोचली आणि तेथील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. पुढे 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे 85 लाख संगणक बंद पडले. यात कोणताही हल्ला नव्हता. तात्पर्य, बदल टाळणे आणि तो डोळे मिटून स्वीकारणे या दोहोंतही धोका आहे. केव्हा बदलावे, आधी कोठे तपासावे आणि फसल्यास मागे कसे यावे, हा निर्णय म्हणजेच प्रणाली प्रशासकाचे खरे काम होय.

मराठी नोंदींचा विशेष प्रश्न

आपल्या महाविद्यालयांत या निर्णयाला आणखी एक पदर आहे. इन्फ्लिबनेटने ग्रंथालयांसाठी तयार केलेल्या 'सोल' या प्रणालीची दुसरी आवृत्ती 2009 मध्ये आली आणि तिने युनिकोडचा स्वीकार केला; तिसरी आवृत्ती 2021 मध्ये आली. मात्र जेथे जुन्या याद्या कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलिखित झाल्या आहेत, तेथे संगणकात मराठी साठविलेलेच नसते. कृतिदेवमध्ये 'राम' हा शब्द प्रत्यक्षात जे, के, ई या तीन रोमन अक्षरांच्या रूपाने साठविला जातो. फॉन्ट त्याला केवळ देवनागरी रूप देतो. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की वीस वर्षांची दाखलनोंद वाचता येत नाही.

रूपांतरक वापरला तरी प्रश्न संपत नाही. 'वाऱ्यावरची वरात' या शीर्षकातील अर्धा र रूपांतरात रफार झाला तर 'वार्यावरची' असे रूप तयार होते आणि शोध घेणाऱ्या विद्यार्थ्यास पुस्तक 'उपलब्ध नाही' असे उत्तर मिळते. पुस्तक कपाटातच असते. शिवाय युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात, पण संगणकाला ते भिन्न वाटू शकतात. असा दोष परदेशी कंपनीच्या चाचणीत सापडण्याची शक्यता अल्प. तो मराठी जाणणाऱ्यानेच शोधावा लागतो.

आवश्यक पूर्वतयारी

या दृष्टीने पुढील बाबी अनिवार्य ठरतात.

1. संपूर्ण माहितीची प्रत घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही केवळ समजूत असते.
2. वेगळ्या संगणकावर नव्या आवृत्तीची चाचणी घ्यावी. जोडाक्षरे, अर्धा र आणि अकारविल्हे क्रम मुद्दाम तपासावेत.
3. प्रवेश व परीक्षांचा काळ वर्ज्य करावा. उन्हाळी सुटी सोयीची असली तरी वीज खंडित होण्याची शक्यता गृहीत धरून यूपीएसची क्षमता आधीच पाहावी.
4. माघारीची वेळ आधी ठरवावी. त्या वेळेपर्यंत काम पूर्ण न झाल्यास जुनी आवृत्ती पूर्ववत करावी.
5. केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद मराठीत, वहीत किंवा फाइलमध्ये ठेवावी. कारण व्यक्ती बदलून जाते, प्रणाली राहते.

व्यावसायिक समुदायाचे स्थान

एकट्याने काम करणाऱ्याची मोठी अडचण ज्ञानाच्या अभावाची नसते. आपल्याला आलेला अडथळा इतर कोणाला आला होता का, हे विचारावयास त्याच्याजवळ कोणी नसते. अमेरिकेत प्रणाली प्रशासकांची 'लिसा' ही परिषद 1987 पासून 2021 पर्यंत याच गरजेतून भरत राहिली. ग्रंथालयांसाठीची 'कोहा' ही मुक्त प्रणाली न्यूझीलंडमधील एका छोट्या ग्रंथालय-संस्थेने 2000 साली प्रथम वापरात आणली; तिची जुनी प्रणाली सन 2000 चा तारीखबदल पेलणार नव्हती. आज जगभरचे ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ तिच्यातील दोष नोंदवितात व दुरुस्त करतात, आणि वर्षातून दोन नव्या आवृत्त्या निघतात. एका गावाची अडचण सर्वांच्या उपयोगी पडली, ती अडचण आणि तिचे उत्तर दोन्ही खुले ठेवल्यामुळे.

जिल्ह्यातील महाविद्यालयांनाही असे अभ्यासमंडळ सहज उभारता येईल. सत्रातून एकदा एकत्र येणे, चाचणीसाठी एक संगणक सामाईक ठेवणे आणि अडचणींची नोंदवही परस्परांस खुली करणे, इतकेही पुरेसे आहे.

देखभालीचा निकष

साधन कसे पारखावे, याचा एक निकष गांधीविचाराच्या परंपरेत आहे. अखिल भारतीय चरखा संघाने 1929 मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटींमध्ये किंमत 150 रुपयांहून अधिक नसावी, यंत्र वीस वर्षे टिकावे आणि वार्षिक दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, यांचा समावेश होता. ग्रामोद्योगाची साधने जपणारे मगन संग्रहालय 1938 मध्ये वर्ध्यात सुरू झाले. खरेदीच्या दिवशीच पुढील वीस वर्षांच्या दुरुस्तीचा हिशेब मांडणारी ही दृष्टी संगणकप्रणालीच्या निविदेतही यावयास हवी.

निष्कर्ष

अद्ययावतीकरण ही एकदा करावयाची खरेदी नसून सतत चालणारी देखभाल आहे. म्हणून अंदाजपत्रकात तिच्यासाठी स्वतंत्र तरतूद, कार्यभारात तिच्यासाठी मोजलेले तास आणि जिल्हा पातळीवर परस्परसाह्याची व्यवस्था या तीन गोष्टी आवश्यक आहेत. विद्यार्थ्यांच्या गुणनोंदी आणि ग्रंथालयाच्या याद्या ही संस्थेची स्मृती होय. ती स्मृती नव्या आवृत्तीत सुखरूप नेणाऱ्या व्यक्तीच्या श्रमाची दखल प्रणाली बंद पडण्यापूर्वीच घेतली जाणे, हे संस्थेच्याच हिताचे आहे.