मृत राजांचीं नाणीं

रोमचा बादशहा डेशियस याच्या कारकीर्दींत (इ. स. २४९-२५१) चांदीच्या नाण्यांची एक विलक्षण मालिका निघाली. तिजवर त्याचें स्वतःचें नांव नव्हतें. ऑगस्टसपासून अलेक्झांडर सेव्हेरसपर्यंत अकरा दिवंगत बादशहांच्या मुखाकृति तींत होत्या, व मागील बाजूस गरुड अथवा वेदी दाखवून ते देवत्वास पोंचल्याची ग्वाही दिली होती. राज्य डळमळूं लागलें कीं राज्यकर्त्यास पूर्वज आठवतात. डेशियसच्या सरहद्दीवर गॉथ लोक उतरले होते, व त्यांच्याशीं लढतांनाच तो पडला. नाण्यांच्या चांदींत तांबें मिसळलेलें होतें, तें निराळेंच!

महाराष्ट्रांत मात्र मृत राजाचें नांव कोणाच्याहि हुकुमावांचून टिकलें. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलचुरी कृष्णराजानें सुमारें दोन ग्रॅम वजनाचे चांदीचे रूपक पाडले. एका बाजूस राजाची मुखाकृति, दुसऱ्या बाजूस नंदी, आणि भोंवतीं आपण परममाहेश्वर व मातापित्यांच्या चरणांचे ध्यान करणारे आहों, असा लेख. पुढें बदामीच्या चालुक्यांनीं कलचुरींचें राज्य घेतलें. तरीहि त्र्यंबकेश्वराजवळील अंजनेरी येथें सांपडलेल्या भोगशक्तीच्या ताम्रपटांत (इ. स. ७१०-११) 'कृष्णराज-रूपक' हें नांव येतें. राजा जाऊन शतकाहून अधिक काळ लोटला होता, वंशाचें राज्यहि बुडालें होतें, आणि भोगशक्ति तर चालुक्यांचा मांडलिक! चालुक्यांचीं स्वतःचीं चांदीचीं नाणीं फारशीं आढळत नाहींत. व्यापाऱ्यास ओळखीचें वजन व ओळखीचा नंदी पुरेसा होता. गादीवर कोण, हें त्यानें पाहिलें नसावें.

शिवरायांच्या नांवाचा तांब्याचा पैसा, म्हणजे शिवराई, ते १६८० त निवर्तल्यावरहि पेशवाईपर्यंत पाडला जात होता. ईस्ट इंडिया कंपनीनें तर १८०६ त वारलेल्या शाह आलमच्या नांवें १८३५ पर्यंत रुपये काढले. तेथें आदर थोडा, व्यवहार फार.

कृष्णराजाचे हे रूपक कांहीं विद्वानांनीं प्रथम राष्ट्रकूट कृष्णराजाचे मानले होते. नाण्यांची घडण, अक्षरांचें वळण व ताम्रपट एकत्र ताडून पाहिल्यावर तो समज दूर झाला. नाणीं सोनाराच्या मुशींत गेलीं असतीं तर ही ताडणी झालीच नसती. सिरसाळ्याकडे काय किंवा बागलाणांत काय, नांगराच्या फाळास असें कांहीं लागल्यास चांदीचा भाव विचारण्याचा मोह पहिला होतो. १८७८ च्या निखातनिधि कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यास कळवावा लागतो. नाणें कोणत्या शेतांत, कोणत्या भांड्यांत, कशाबरोबर होतें, हेंहि त्याच वेळीं नोंदलें जातें. वितळलेल्या चांदीबद्दल तें मागाहून सांगतां येत नाहीं.