मेघाचे सुतक

लोकोत्तर पुरुषाच्या मृत्यूने गाव हळहळले, तर त्यात नवल नाही. त्याच्या नावे सभा भरतात, स्मारके उभी राहतात. परंतु ज्याचे सारे आयुष्य दुसऱ्याच्या चुलीपुढे आणि दुसऱ्याच्या देवघरात गेले, अशा एखाद्या साध्या सेवकासाठी सबंध गावाने अश्रू ढाळल्याचे उदाहरण मात्र विरळा आढळते. आमच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात असे एक उदाहरण घडून गेले आहे. दिनांक १९ जानेवारी १९१२ रोजी पहाटे शिरडी येथे मेघा नावाचा एक गुजराथी ब्राह्मण निवर्तला. तो पेशाने आचारी होता. शिरडीत त्याचे सुतक धरील असा गोत्रज कोणी नव्हता. तरीही त्या दिवशी शिरडीने जो शोक केला, तो आपल्यासारख्या कुटुंबवत्सल गृहस्थांनी आणि गृहिणींनी मुद्दाम मनन करण्याजोगा आहे.

मेघा हा मूळचा विरमगावचा. रावबहादुर हरि विनायक साठे या सरकारी अधिकाऱ्यांच्या पदरी तो स्वयंपाकास होता. विद्येचा त्याला गंधही नव्हता. ब्राह्मण असून गायत्री येत नव्हती. 'नमः शिवाय' एवढाच त्याचा मंत्र आणि शंकर एवढाच त्याचा देव. साठ्यांनी त्याला गायत्री शिकविली आणि शिरडीचे साईबाबा म्हणजे प्रत्यक्ष शंकरच, असे त्याच्या मनावर बिंबवून त्याला तिकडे पाठविण्याचे ठरविले. वाटेत भडोच स्टेशनवर त्याला कळले की, साईबाबा मुसलमान आहेत. झाले! बिचाऱ्या मेघाच्या पोटात धस्स झाले. 'मला तेथे धाडू नका,' म्हणून त्याने धन्याची विनवणी केली. परंतु साठ्यांनी आपले श्वशुर गणेश दामोदर ऊर्फ दादा केळकर यांच्या नावे चिठ्ठी देऊन त्याला शिरडीस पाठविलेच.

मशिदीच्या पायरीशी त्याचे जे स्वागत झाले, ते गोविंद रघुनाथ दाभोळकर ऊर्फ हेमाडपंत यांनी 'श्रीसाईसच्चरिता'त वर्णिले आहे. बाबांनी त्याला वर येऊच दिले नाही. तू उच्च कुळीचा ब्राह्मण, मी हलका यवन. माझ्या स्पर्शाने तुझी जात जाईल, असे त्याच्याच मनातले त्यांनी त्याला उघड बोलून दाखविले. मेघा काही काळ राहिला, त्र्यंबकेश्वरास गेला, तेथे आजारी पडला आणि सुमारे दीड वर्षाने पुन्हा शिरडीस आला. यावेळी केळकरांनी रदबदली केली व त्याला मशिदीत प्रवेश मिळाला. त्यानंतर त्याने शिरडी सोडली नाही.

शिरडीत मेघा नित्य काय करीत असे, हे पाहिले म्हणजे गावाच्या शोकाचे मूळ सापडते. बेलाची पाने आणण्यासाठी तो कोसच्या कोस पायी हिंडे. गावातील प्रत्येक देवाची पूजा आटोपून मग मशिदीत येऊन बाबांची पूजा करावयाची, हा त्याचा नेम. एके दिवशी खंडोबाच्या देवळाचे दार बंद होते, म्हणून ती पूजा टाकून तो आला; तेव्हा बाबांनी त्याला परत धाडले आणि दार उघडलेले पाहून, पूजा करून तो पुन्हा आला. एका मकरसंक्रांतीस बाबांना गोदावरीच्या पाण्याने स्नान घालावे, अशी त्याला हौस वाटली. नदी काही गावाच्या वेशीवर नव्हती. जाऊन येऊन आठ कोसांची पायपीट करून त्याने पाणी आणले. मस्तक भिजले म्हणजे सर्वांग भिजले, तेव्हा थोडेसे पाणी डोक्यावरच घाल, असे बाबांनी त्याला बजावले होते. पण प्रेमाच्या भरात मेघाने सारी घागर उपडी केली. पोथी सांगते की, पाहतो तो मस्तकच तेवढे भिजलेले आणि बाकीचे अंग कोरडे! या कथेतील चमत्कार ज्याला मानावयाचा त्याने मानावा. आम्हास त्यातील आठ कोस अधिक मोलाचे वाटतात.

गावाने हे सर्व रोज डोळ्यांनी पाहिले होते. भल्या पहाटे त्याची लगबग पाहिली होती, त्याची आरती ऐकली होती, त्याच्या भोळेपणास हसूनही घेतले होते. जो माणूस आपल्या दिवसाचे घड्याळ होऊन बसतो, तो परका कसा राहणार?

१९१२ च्या जानेवारीत मेघा आजारी पडला. त्या वेळी अमरावतीचे सुप्रसिद्ध वकील व लोकमान्य टिळकांचे सहकारी गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा मुक्काम शिरडीस होता. दादासाहेबांना दैनंदिनी लिहिण्याची सवय; त्यामुळे मेघाच्या मृत्यूची हकीगत एका प्रत्यक्षदर्शी आणि व्यवहारी माणसाच्या लेखणीतून आपणास मिळाली आहे. तो दिवस अत्यंत दुःखाचा गेला, असे ते नमूद करतात. पहाटे मेघाने प्राण सोडल्याचे काकासाहेब दीक्षितांकडून त्यांना समजले. काकड आरती रीतीप्रमाणे झाली, परंतु बाबांनी नेहमीसारखे प्रसन्न मुखाने कोणाकडे पाहिले नाही. पुढे बाबा मेघाच्या शवापाशी आले, त्यावरून हात फिरविला आणि मोठ्याने शोक केला. तो स्वर ऐकून जमलेल्यांचे डोळे पाण्याने भरले. गावालगतच्या रस्त्याच्या वळणापर्यंत ते प्रेताबरोबर गेले, असे खापर्डे लिहितात. तर सर्व ग्रामस्थांसह ते अंत्ययात्रेत चालले व त्यांनी शवावर फुले उधळली, असे हेमाडपंत सांगतात. तपशिलात थोडा फरक असला, तरी संसाराचे पाश नसलेल्या त्या फकिराने एका आचाऱ्यासाठी चारचौघांदेखत आक्रोश केला, याविषयी दोघांचे एकमत आहे. हा माझा खरा भक्त होता, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले.

येथवरची कथा कित्येक वाचकांना ठाऊक असेल. आम्हास लक्ष वेधावयाचे आहे ते पुढील भागाकडे. मेघाच्या उत्तरकार्याचे ब्राह्मणभोजन आपल्या खर्चाने व्हावे, अशी बाबांनी आज्ञा केली. मुंबईचे नामांकित सॉलिसिटर हरि सीताराम ऊर्फ काकासाहेब दीक्षित यांनी ती पार पाडली. मेघा नित्य करीत असलेले आरतीचे काम सखाराम हरि ऊर्फ बापूसाहेब जोग यांनी पत्करले आणि १९१८ साली बाबांचे निर्वाण होईपर्यंत चालविले. मेघाच्या पूजेतील शिवाची पिंडी अडगळीत पडली नाही. गुरुस्थानी कडुनिंबाच्या झाडाखाली तिची स्थापना झाली व आजही यात्रेकरू तिचे दर्शन घेतात. खर्च एकाने उचलला, कार्य दुसऱ्याने केले, सेवा तिसऱ्याने चालविली. सुतकाचा अर्थ आम्ही असाच समजतो. गेलेल्याच्या माघारी जे जे उघडे पडले, ते आपण सावरावयाचे. दहा दिवस शिवाशिव पाळणे हे त्याचे केवळ बाह्य चिन्ह होय.

आता हाच विचार आपल्या घरात आणून पाहू. पूर्वीच्या गावगाड्यात बलुतेदार वारला, तरी त्याचे बलुते बंद होत नसे; काम व हक्क दोन्ही घराण्यात चालत. याच नगर जिल्ह्याच्या अनुभवाने समृद्ध झालेले त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे १९१५ सालचे पुस्तक या व्यवस्थेचे चित्र देते. त्या व्यवस्थेत जातीची बेडी होती व ती तुटली हे इष्टच झाले. पण बेडीबरोबर विधवेच्या घरी सुगीला येणारे धान्यही गेले. आपल्याकडील स्वयंपाकीणबाई, धुणेभांडी करणारी बाई, आजोबांची शुश्रूषा करणारा गडी, मोटार चालविणारा तरुण, ही सर्व मंडळी मेघाच्या वर्गातली आहेत, बलुतेदाराच्या नव्हेत. त्यांना वतन नाही, निवृत्तिवेतन नाही. मेघा एकटा होता. यांच्या मागे मात्र लेकरे आहेत. यांपैकी कोणी गेले, तर आपण हळहळतो, अंत्यविधीस हजार-पाचशे देतो, घरातील वडील मंडळी डोळे टिपतात. चौदाव्या दिवशी आपणास नवी बाई मिळते. त्या घरास मात्र त्याच दिवशी भाकरीची भ्रांत पडते.

म्हणून शोकाची पूर्वतयारी करावी, असे आमचे सांगणे आहे. शब्द चमत्कारिक वाटेल, परंतु हित त्यातच आहे. बँकेत खाते असलेल्या १८ ते ५० वर्षांच्या व्यक्तीस प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपये भरून विमा घेता येतो; मृत्यू कोणत्याही कारणाने आला, तरी वारसास २ लाख रुपये मिळतात. अपघाताचा तेवढ्याच रकमेचा विमा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत उतरतो व त्यास ७० वर्षांपर्यंतची माणसे पात्र आहेत. दोन्हींचे मिळून ४५६ रुपये होतात. म्हणजे महिन्यास अडतीस. विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते व हप्ता खात्यातून परस्पर वळता होतो. मेअखेर खात्यात शिल्लक नसेल, तर विमा खंडित होतो आणि गरिबाच्या खात्यात नेमकी तेव्हाच शिल्लक नसते. घरातील एखाद्या लिहित्यावाचत्या मुलाकडे हे काम सोपवावे : अर्ज भरणे, वारसाचे नाव नीट घातले आहे ना हे पाहणे, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात खात्यात पैसे टाकणे. घरकाम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २००८ च्या अधिनियमान्वये कल्याण मंडळ आहे. त्याची नोंदणी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात होते. तेथे बाईंना एकटे न धाडता कोणी तरी बरोबर जावे. कचेरीतील खिडकीपुढे आपला एक शब्द त्यांच्या दहा फेऱ्या वाचवितो.

पैशाने सर्व होते, असे मात्र आम्ही म्हणत नाही. सदनिकांच्या एका इमारतीत पाचसहा घरी एकच बाई काम करीत असेल, तर तिच्या माघारी त्या घरांनी एकत्र बसून तिच्या मुलाची शाळेची फी, वह्यापुस्तके, मुलीचे शिक्षण यांची वाटणी करून घ्यावी. एकट्याला जे जड, ते पाच घरांना हलके जाते, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना निराळे सांगावयास नको. मदत मात्र महिन्याच्या ठराविक तारखेस जावी. आठवण झाली म्हणजे दिलेल्या मदतीवर कोणाची चूल पेटत नाही. आणि ती देताना उपकाराची भाषा नसावी. ज्या हातचे आपण वर्षानुवर्षे जेवलो, त्या हातांचे आपण ऋणी आहोत. ऋण फेडणारा दाता कधीपासून झाला?

दादासाहेब खापर्डे हे कायदेमंडळे गाजविणारे पुढारी. त्यांच्या दैनंदिनीत राजकारणातील किती तरी थोरांची नावे आली आहेत. पण त्याच दैनंदिनीत एका निरक्षर आचाऱ्याच्या मृत्यूचा दिवस अत्यंत दुःखाचा म्हणून नोंदलेला आहे, याचे आम्हास फार समाधान वाटते. प्रत्येक घराच्या हिशेबाच्या वहीत अशा एखाद्या मेघाचे नाव असतेच. महिन्याचा पगार मांडताना त्या नावाशेजारी त्याच्या वारसाचेही नाव या महिन्यापासून लिहून ठेवावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.